कुलपातलं पाणी

चांगुणा गेल्याचं मला कारखान्याच्या गेटवर कळलं. तिचा भाऊ सहादू सायकल धरून उभा होता. "दाजी, घरी चला," एवढंच म्हणाला. सकाळी नळावरून येताना ती चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. साल १९८६.

त्याच महिन्यात चांगुणा आणि मी एलटीसीवर, कारखान्याच्या प्रवास सवलतीवर, जैसलमेरला जाणार होतो. ठिकाण तिने ठरवलेलं. बाकीचे लोक काश्मीर नाहीतर उटी म्हणायचे. कॉलनीच्या नळावर तिची रोज भांडणं. ती म्हणायची, "आपल्या उशाला गंगेसारखी नदी, तरी हंड्यावरून डोकी फोडतो. जिथं पाणीच नाही तिथल्या बाया काय करतात ते मला बघायचंय. येऊन भिमाबाईला सांगते." भिमाबाई म्हणजे शेजारीण. भांडायला पहिली तीच.

तिच्या मृत्यूनंतरचा जलदान विधी झाल्यावर सहादू म्हणाला, "तिकिटं परत करू नका, दाजी. ताईला बघायचं होतं ते तुम्ही बघून या."

मी एकटा गेलो. स्टेशनवर भेटलेल्या माणसाने एका घरी नेऊन सोडलं. धापूबाई नावाची म्हातारी तीन खोल्या प्रवाशांना द्यायची. सोबत सकाळी बाजरीची भाकरी, लोणी आणि ताक. घर पिवळ्या दगडाचं. आत मातीच्या भिंतीत आरशाचे बारीक तुकडे बसवलेले.

अंगणात जमिनीत एक गोल झाकण होतं. धापूबाई त्यातून पाणी काढत होती. मला बघून म्हणाली, "कौन लोग हो?"

"बौद्ध," मी म्हणालो.

"वो कौन होते हैं?"

मी सांगायला लागलो, तेवढ्यात तिने झाकण लावलं आणि वर कुलूप घातलं. चावी कमरेला खोचली. एवढ्या लांब येऊनही तेच, असं वाटलं. मी पिशवी उचलली.

तेवढ्यात तिचा नवरा बाहेरून आला. पाणी मागितलं. तिने कुलूप काढलं, एक तांब्या भरून त्याला दिला आणि परत कुलूप लावलं. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "देखा बाबूजी? पूरी जवानी इसको दे दी. चाबी आज तक नहीं मिली."

"चाबी दूँ तो ऊँट नहलाएगा ये," ती म्हणाली.

मग तिने मलाही तांब्या दिला. वरून ओतलं नाही, हातात दिला. तिच्या मनात जातीचं काय होतं ते मला माहीत नाही. मी पिशवी खाली ठेवली.

सकाळी तिने मला खाटेवर बसून अंघोळ करायला लावली. खाटेखाली मोठी परात. परातीतल्या पाण्यात तिने माझे कपडे धुतले आणि तेच पाणी नंतर बकरीच्या खोलीत सारवायला नेलं. भांडी तिने वाळूने घासली, पाण्याचा थेंब न लावता. ताटात माझा चेहरा दिसत होता. मी हात न लावता बघत राहिलो.

निघायच्या दिवशी मी तिला म्हणालो, माझ्या बायकोला हे बघायचं होतं. ती नाही आता. धापूबाईने कमरेची चावी काढली आणि झाकण उघडून मला म्हणाली, "देखो."

मी गुडघ्यांवर वाकलो. थंड हवा तोंडावर आली. आत घराएवढी खोल टाकी आणि तळाला काळं, स्थिर पाणी. मी विचारलं, हे कुठलं?

"छत का. पिछले साल तो बरसा नहीं. ये उसके पहले का है."

दोन वर्षांपूर्वी या छतावर पडलेला पाऊस घरातली माणसं अजून पीत होती. मी रोज तेच प्यायलो होतो. मी तसाच वाकून बघत राहिलो. म्हातारी घाई न करता झाकण धरून उभी राहिली.

"तुम्हारी वाली कितने घड़े लाती थी?" तिने विचारलं.

"बहुत," मी म्हणालो.

आता नळावर मीच जातो. बाया मला पुढे सोडतात. भिमाबाई माझा हंडा स्वतः नळाखाली लावते आणि दुसरीकडे बघते. नळ जोरात येतो, हंडा लगेच भरतो. चांगुणा येऊन सांगणार होती ते भिमाबाईला मी अजून सांगितलेलं नाही.