बांधकरी

मागे वळून बघायचं नाही.

हा नियम आधी सांगायला हवा, कारण त्या दुपारी उमाजीला दुसरं काही आठवतच नव्हतं. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, दहीभात. ओढ्यापर्यंत सगळं गाव हलगीच्या मागून चालायचं. तिथून लोक माघारी फिरायचे, वळून न बघता. पुढे शिवेपार गाडा एकाच माणसाने ओढायचा, पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. गाड्याबरोबर साथही पलीकडे जाते. पलीकडच्यांनी तिचं काय करायचं ते त्यांनी बघावं.

ओढायचा मान उमाजीच्या घराचा. आजा, बाप, आता तो. वर्षभर वेशीबाहेर राहणाऱ्या माणसापुढे त्या एका दिवशी गाव हात जोडायचं.

फसली सन तेराशे बेचाळीस, निजामाचं राज्य. कोनाळी गावात आठ दिवसांत अकरा माणसं गेली होती. पाटलांची सून कमलबाई अंथरुणाला खिळली होती. आणि उमाजीच्या खोपटात त्याची बायको सुगंधाबाई. सकाळी तिने हाक मारली तेव्हा तिचा आवाजच ओळखू आला नाही.

*

ओढा.

हलगी थांबली. अंकुशराव पाटील जवळ आले, पण चार हात लांबच थांबले.

"उम्या, तू त्या बिदरच्या बाईकडून डोस्क्यावर पानी घेतलास म्हणं."

"व्हय मालक. बाप्तिस्मा."

"पानी उकळून प्या म्हनती ती. आमी काय च्या करून प्यायचा का रं हिरीचा?" दोघेतिघे हसले. पाटील हसले नाहीत. "ते काय बी असू दे. आज गाडा पार गेला पायजे. अलीकडं ऱ्हायला तर तुझी बायको जाईल, माझी सून जाईल. मग मी तुला जित्ता ठिवत न्हाई."

"जी मालक."

सगळे पाठ करून निघाले. पावलं ऐकू येईनाशी झाली. उमाजीने जोखड खांद्यावर घेतलं. चाक कुरकुरलं, आणि त्याला वाटलं, गाड्यातून कुणीतरी कण्हलं.

*

मध्येच एक शब्द.

बिदरची दानम्मा चालत यायची, चपला हातात धरून. तिची बोली कानडी. मराठी ती रानातल्या बायकांशी बोलून शिकलेली, म्हणून तिच्या मराठीत सगळं शेतातलं. वस्तीतल्या चिंचेखाली बसून येशूस्वामीचं सांगताना एकदा ती अडली. शेजाऱ्याला काय म्हणायचं ते तिला सुचेना. बोटांनी हवेत रेघ ओढली, रेघेच्या इकडे एक बोट, तिकडे एक बोट, आणि म्हणाली,

"बांधकरी. बांधकऱ्यावर जीव लाव. सोतावर लावतोस तसा."

वस्ती हसून लोळली. म्हातारी नागूबाई म्हणाली, "अगं अक्का, बांधकऱ्याच्या टाळक्यात काठ्या घालत्यात की मालक लोक, दर नांगरटीला!"

दानम्मा लाजली. जरा विचार केला. "व्हय," म्हणाली. "त्योच. त्योच म्हनायलेय मी."

उमाजीही पोटभर हसला होता. त्याला वीतभर रान नव्हतं. रान नाही तर बांध नाही, बांध नाही तर बांधकरी कुठला? एवढी एक आज्ञा तरी आपल्याला लागू नाही म्हणून बरं वाटलं होतं.

*

शिवेचा दगड.

शेंदूर फासलेला, कमरेएवढा. पलीकडे हाळी गावचा मायाप्पा आणि तीन माणसं. हातात काठ्या.

"चाक हिकडं आलं तर डोस्कं फोडतो," मायाप्पा म्हणाला. पण एक पाऊल मागे सरकला. तोही भ्यालेला.

उमाजी थांबला. काठ्यांमुळे नव्हे. काठ्या दर खेपेला असतात, बाप त्या खाऊन गाडा पार करायचा. तो थांबला दगडाकडे बघून. अलीकडे कोनाळी, पलीकडे हाळी. मध्ये रेघ.

म्हणजे हाच बांध.

पळावं, ढकलावं, काहीही करावं. एक हिसका, की सुगंधा वाचेल. त्याला एकही प्रार्थना पाठ नव्हती. "स्वामी, मी भ्यायलोय," एवढंच तो पुटपुटत राहिला. "भ्यायलोय. भ्यायलोय." मग गाड्याकडे बघून, "आई, रागावू नगंस." कोण ऐकत होतं, त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने धोंडा उचलला आणि चाकाला अटकाव घातला. गाडा दगडाच्या अलीकडेच. आणि खाली बसला.

"काय करायलास?"

"थांबलोय."

"कामून?"

"तुमी बांधकरी."

"आँ? तुला रान तरी हाय का रं?"

"न्हाई."

मायाप्पाने सोबत्यांकडे पाहिलं. मग हळू विचारलं, "घरी कोण पडलंय?"

"बायकू."

"आन तरी थांबलास?"

उमाजीचे दात वाजत होते, वैशाखाच्या उन्हात.

मायाप्पा गेला. बऱ्याच वेळाने आला, भरलेली घागर घेऊन. ती शिवेच्या दगडावर ठेवली आणि मागे सरकला. "आमच्यात अजून कुणी पडलं न्हाई. आमच्या हिरीचं हाय. घागर माघारी आनू नको." तुझा हात लागलेली घागर कोण घेणार, हे तो बोलला नाही. पण उमाजीला पाणी न देता घागर तशीच माघारी नेणंही मायाप्पाला जमत नव्हतं.

*

वेस.

"गेला का पार?" अंकुशराव.

कुणीच वळून पाहिलं नव्हतं. व्हय म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. जीभ 'व्हय'वर येऊन बसलीही होती.

"न्हाई मालक. शिवेच्या अलीकडं हाय."

पाटलांच्या मुठीत काठी आवळली गेली. वेशीतली माणसं उठून उभी राहिली.

"हे काय डोस्क्यावर?"

"हाळीचं पानी."

तो चालत राहिला. पाठ उघडी. काठी आता पडेल, आता. घागर हिंदकळत होती, पाणी कानामागून मानेवर ओघळत होतं. वळून बघायचं नाही, वळून बघायचं नाही.

*

खोपट.

चूल पेटवली. पाणी ठेवलं. सुगंधाबाईने डोळे उघडले.

"गेला?"

"न्हाई."

"मग आता?"

"पानी उकळायलंय."

तिचा श्वास चालू होता. पुढचा येईल का, हे तो दर वेळी थांबून ऐकायचा. येत होता.

दाराबाहेर पावलं वाजली. जड, वहाणांची. या वस्तीत वहाणा घालून कुणी चालत नसे.

तो वळला.

दारात आधी दिसली ती काठी. उमाजीने दोन्ही हात डोक्यावर घेतले, आणि हातांच्या फटीतून त्याला दिसलं, पाटलांच्या दुसऱ्या हातात, धोतराच्या सोग्याआड, रिकामा तांब्या होता.

"उमाजी," पाटील म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "उकळलं का?"