कणसांच्या आडची खुंटी

मी वटारच्या वाडीतलं भाताचं कोठार बोलतोय. लोक आता मला कारखाना म्हणतात, पण त्या नावाला मी अजून ओ देत नाही. माझा आताचा मालक गॅब्रिएल, त्याच्या पणजोबांनी मला सागाच्या खांबांवर उभं केलं. अंगात लोखंडाचा एक खिळा नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे.

खाली भात, माळ्यावर सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, असा माझा काळ सुखात गेला. पुढे शेत विकलं गेलं आणि मी रिकामा पडलो. १९९८ साली गॅब्रिएलने कंपनीतली नोकरी सोडून माझ्यात सुतारकामाचं वर्कशॉप थाटलं. पहिला रंधा फिरला तेव्हा मी थक्क झालो. माझ्याच जातीचं लाकूड माझ्यासमोर चर्चचं दार होत होतं!

मग करवतीचं मशीन आलं. लांब फळ्या मधल्या खांबाला अडायच्या. वरची तुळई एकसंध आहे, खांब नुसता टेकू आहे, असं गॅब्रिएलने ठरवलं आणि कापायला खडूने रेघ मारली. तो चुकतोय हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी आगेरा होता, नव्या भाताचा सण. चर्चमधून आशीर्वादाची कणसं आणून याच खांबाच्या माथ्याशी बांधायची, जुनी सोडायची नाहीत, नवी त्यांच्यावरच बांधायची, ही घरची रीत. घरचं शेत उरलं नव्हतं, तरी त्याची बायको अँजेलिना शेजाऱ्यांकडून मागून कणसं घेऊन आली. रेघ पाहून ती थबकली.

“कापनार असशील तर आधी जुनी तू सोड,” ती म्हणाली. “माझ्याने नाय होनार.”

गॅब्रिएल स्टुलावर चढला. वरची नायलॉनची दोरी सुटली, तिच्याखाली बापाची सुतळी, तिच्याखाली आज्याचा काथ्या. दाणे केव्हाच चिमण्यांनी नेले होते, पेंढा आणि गाठी राहिल्या होत्या. सगळ्यात आत केळीच्या सोपटाची, खोडाच्या वाळल्या सालीची, गाठ होती, पणजोबांच्या हातची. ती सोडायला त्याचा हात धजेना. त्याने ती जरा सरकवली, आणि आड लपलेली खुंटी दिसली. तुळई एक नव्हतीच. दोन तुळया तिथे खांबात भेटत होत्या, आणि छपराचा सगळा भार त्या एका खुंटीवर होता.

त्याने स्टुलावरच क्रुसाची खूण केली.

“अँजेलिना, उद्या हे सगळं अंगावर घेतलं असतं मी.”

सगळ्या गाठी त्याने होत्या तशा बांधल्या, वर नवी कणसं. मशीन फिरवून भिंतीत खिडकी पाडली. आता लांब फळी खिडकीतून बाहेर येते आणि अँजेलिनाच्या कोंबड्या पळत सुटतात.

आजूबाजूला इमारती चढतायत; माझं पुढे काय, ठाऊक नाही. मागणं एवढंच आहे. कणसं कोणाच्याही शेतातली आणा, पण बांधत जा. आत त्या खुंटीवर पणजोबांचा हात अजून आहे.