दार किती वेळा उघडलं

माझी आई हवेतले जंतू मोजते. हे वाक्य वर्गात टाकलं की सगळ्यांच्या माना वळतात, आणि यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून वळलेल्या माना मला फार आवडायला लागल्यात. आई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे झिजलेले गुडघे काढून धातूचे बसवतात. बसवताना हवेतला एखादा जंतू आत गेला तर त्या धातूवर ठाण मांडतो आणि औषधांनाही दाद देत नाही. म्हणून ऑपरेशन चालू असताना आई जवळच जेलीच्या प्लेटा उघड्या ठेवते. तासाने झाकायच्या, दोन दिवस उबदार कपाटात ठेवायच्या. हवेतून जे पडलं असेल त्याचे ठिपके उगवतात. ते मोजायचे.

सुट्टीत मी तिच्याबरोबर जाणार हे ठरलेलं होतं. निदान माझ्या मनात. आणि नेमकी मावशीची मुलगी, ताई, आईच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून आमच्याकडे राहायला आली.

ताईला नावं ठेवायला जागाच नाही, हाच तर वैताग. ती हळू बोलते, कपबशीचा आवाज करत नाही, आंघोळीनंतर बाथरूम कोरडं करते. "हिचा हात बघ किती स्थिर आहे," आई म्हणाली, तेव्हा माझ्या हातातून पाण्याचा जग सटकला. घरात मला भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही.

"आई, मीपण आत येणार."

"तू? ऑपरेशन थिएटरात? तुझ्यासोबत वारा येतो गं बाई!"

ताई हसली. तीसुद्धा हळूच.

पण मला काम मिळालं. आईचं म्हणणं असं, की थिएटरचं दार जितक्यांदा उघडतं तितके ठिपके वाढतात. कोणी मापाचा सांधा आणायला धावतं, कोणी नुसतंच डोकावून "अजून किती वेळ?" विचारतं. मोठ्या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. पटलं असतं तर सगळ्या मापांचे सांधे आधीच आत ठेवून दार बंद ठेवता आलं असतं. म्हणून रोज दार किती वेळा उघडलं हे लिहायला कोणीतरी बाहेर बसायला हवं होतं.

"सिस्टरना सांग की," मी म्हटलं.

"आत-बाहेर करणाऱ्यांना मोजायला बसवलं की गंमत होते. प्रत्येकजण दुसऱ्याला मोजतो, स्वतःला सोडून."

तर ताई हिरवा गाऊन घालून आत, आणि मी टोपी-स्लिपर घालून बाहेर स्टुलावर, हातात पेन्सिल. चार दिवस मी शहाण्यासारख्या रेघा ओढल्या. खरंच ओढल्या. पाचव्या दिवशी मात्र आत जाताना आईने ताईच्या गाऊनची नाडी बांधली आणि तिच्या पाठीवर थोपटलं. माझ्या पाठीवर आई धपाटाच घालते.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, बघू तरी काय एवढं करते ही! दार बोटभर ढकललं. आत कोणी वळूनही पाहिलं नाही, इतकी त्या दाराची सगळ्यांना सवय. ताई प्लेटचं झाकण उचलत होती, झोपलेल्या बाळावरचं पांघरूण काढावं तशी. मी दार सोडलं. पाच मिनिटांनी पुन्हा ढकललं. आईने तिला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, तिने मानेने हो म्हटलं. म्हणजे यांची डोळ्यांची भाषासुद्धा तयार! माझ्याशी आई डोळ्यांनी फक्त रागावते. मग मला राहवेचना.

तासाने मी आईला कागद दिला. अकरा रेघा.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी घरी आल्या. आईने जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. आडवं दार, उभे ठिपके. चार दिवसांचे चार बिंदू एका तिरप्या रेघेत चढत गेलेले. पाचवा मात्र रेघ सोडून वर एकटाच लटकलेला: दार अकरा वेळा, ठिपके आठ. अकराला चारच यायला हवे होते.

"डॉक्टर म्हणाले, प्लेट नीट हाताळली नाही," आई म्हणाली. "नव्या मुलीला उद्यापासून आत आणू नका म्हणाले."

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. क्षणभरच. कारण ताई खुर्चीत बसून स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहत होती.

"मावशी, माझंच चुकलं असेल. मी प्लेटवरून हात नेला असेन. पण आठवत नाही गं."

"आणि दाराचं?" मी विचारलं.

"दाराचं काय, बोंबललं. एक बिंदू खोटा पडला की सगळा तक्ता खोटा. दार उघडंच राहणार." आईने चष्मा काढला. "त्या दिवशीच्या आजोबांचा गुडघा तासभर उघडा होता. आठ ठिपके कुठून आले तेही कळत नाही."

आजोबा. मी आत ताईला पाहिलं होतं, आईला पाहिलं होतं. मधल्या टेबलावर कोणी माणूस होता, हे मला आत्ता दिसलं.

"आई," मी म्हटलं. वक्तृत्वातला आवाज कुठे गेला कोण जाणे. "मी दार उघडलं. ताईला बघायला."

आईने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"किती वेळा?"

"नऊ."

"नक्की?"

"नक्की." आणि मी सांगत सुटले. झाकण, डोळे, तिसऱ्यांदा ताईच्या कपाळावरचा घाम टिपणारी सिस्टर, चौथ्यांदा आईने तिला पुढे केलेली दुसरी प्लेट... नऊच्या नऊ. मत्सराचा हिशेब बोटांवर पाठ असतो.

आईने पेन्सिल घेतली. अकरा आणि नऊ, वीस. पाचवा बिंदू खोडून उजवीकडे सरकवला. तो रेघेवर जाऊन असा बसला, जणू तिथलाच.

ताईने तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढं काय बघत होतीस गं माझ्यात?"

मी तिच्या हातांकडे बोट दाखवलं.

सकाळी आईने मला मोठ्या डॉक्टरांसमोर उभं केलं आणि स्वतः दाराशी थांबली. मीच सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता हातात घेतला. "एका मुलीने नऊ वेळा दार उघडलं आणि आत आम्हाला कोणालाच कळलं नाही?" ते स्वतःशीच म्हणाले. मग सिस्टरना बोलावून त्यांनी सगळी मापं आत मांडायला सांगितली. ताईला आत ठेवलं. मला मात्र त्या मजल्यावरच बंदी.

रोज संध्याकाळी मी ताईला एकच विचारते, आजोबांचे टाके कसे आहेत? दहाव्या दिवशी ती म्हणाली, "कोरडे. काठी घेऊन व्हरांड्यात फिरले आज." मी तिला घट्ट मिठी मारली. नंतर आई तिला तिच्या स्थिर हाताबद्दल पुन्हा काहीतरी म्हणाली आणि मी पुन्हा जळले, पण जागेवर बसून.

तक्ता आता प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे म्हणे. त्यातला सगळ्यात वरचा बिंदू माझा आहे. ताईचा एकही नाही.