हात आत्याचे

जळोची गावची अबोली पुण्यात एका मराठी चॅनलवर नोकरीला होती. सकाळी भजन, दुपारी पाककृती, संध्याकाळी मालिका, मधूनमधून बातम्या आणि चवीपुरती शेती. साहेब म्हणायचे, "जगात कुठंही जा, असा चॅनल म्हणजे घरचं जेवण. सगळ्यांना चाललं पाहिजे." सगळ्यांना काय चालत नाही, ते मात्र अबोलीला काटेवाडीच्या शूटिंगनंतर कळलं.

काटेवाडीत तिची आत्या, लीलाबाई. हुलग्याची शेंगोळी करावी तर तिनंच. अबोलीनं मोठ्या हौसेनं कॅमेरा तिच्या स्वयंपाकघरात नेला. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून बसली आणि शेंगोळी वळता वळता मनमोकळं बोलत राहिली. साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हात छान आहेत. तोंड तरुण पाहिजे."

मग मालिकेतल्या राजनंदिनीला लुगडं नेसवून आत्याचंच बोलणं तिच्याकडून बोलून घेतलं. तिला शेंगोळी काही वळता येईनात, म्हणून हात तेवढे आत्याचे ठेवले. मनगटावर 'गेणबा' असं गोंदलेलं होतं, आत्याच्या नवऱ्याचं नाव. आत्यानं ते उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. एडिटरनं विचारलं, "हे पुसू का?" अबोली म्हणाली, "राहू दे." निदान तेवढं तरी आत्याचं राहील, अशी तिनं मनाची समजूत घातली. आत्याला फोन करून खरं सांगायचं मात्र उद्यावर गेलं, आणि उद्याचं परवावर.

कार्यक्रमाच्या दुपारी आत्यानं अख्खी आळी घरात बोलावली होती. धाकटी बहीण बनाबाई इंदापूरहून एसटीनं आली होती. अबोलीलाही बोलावणं होतं, तिला नाही म्हणता आलं नाही. ती भिंतीला टेकून चोरासारखी बसली.

पडद्यावर राजनंदिनी हसली.

"अगं आक्का, तू कुठं हायस?" बनाबाई म्हणाली.

तेवढ्यात हात दिसले. मनगटावरचं नाव चांगलं टीव्हीभर झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं गेणबाराव, ही दुसरी कवा केलीस?"

घर खो खो हसलं. गेणबामामाही हसले, मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं आणि ते गप्प झाले. आत्यानं मनगट हळूच पदराखाली घेतलं होतं. अबोलीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जे आत्यासाठी म्हणून ठेवलं, त्यावरच सगळे हसत होते.

पांगापांग झाल्यावर आत्यानं तिला चुलीपाशी गाठलं. "खरं सांग पोरी. माझं त्वांड लई वंगाळ दिसत हुतं का गं?"

"नाही गं आत्या! इथं उजेड कमी पडला. चेहरा नीट आलाच नाही."

खोटं इतकं चटकन सुचलं की अबोलीला स्वतःचीच लाज वाटली. आत्या मात्र खुलली. दारात जाऊन तिनं जाणाऱ्या बायांना हाक मारून सांगितलं, "अगं, उजेड कमी पडला म्हून!"

पुढं पंधरवड्यानं अबोली कामासाठी इंदापूरला गेली होती. परतताना काटेवाडीचा फाटा टाळायचा तिचा बेत होता, पण आत्याचा फोन आला, "पाच मिंटं तरी ये."

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ती दिपून गेली. भिंतींना पांढरा रंग लागला होता. भर दुपारी दोन नव्या ट्यूबलाइट जळत होत्या. मध्ये आत्या बसली होती, त्याच लुगड्यात, केस चापूनचोपून बसवलेले.

"ह्यांच्याकडनं लावून घेतल्या," ती म्हणाली. "आता दिसंल न्हवं त्वांड? पुन्हा कवा आणतीस कॅमेरा?"

मागं मामा उभे होते, तेही आशेनं बघत होते. अबोलीच्या तोंडापर्यंत आणखी एक थाप आली. 'साहेबांना विचारते' एवढं म्हटलं असतं तरी निभलं असतं. पण मग आत्या वाट बघत बसली असती.

"आत्या," ती म्हणाली, "तोंड त्या दिवशीही दिसत होतं. चांगलं स्वच्छ दिसत होतं. त्यांना म्हातारं नको होतं. आणि मला ते आधीपासून माहीत होतं."

आत्यानं मनगटावरून बोट फिरवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मग कशाला जाळायच्या ह्या," म्हणत तिनं एकेक करून दोन्ही बटणं बंद केली. "बस. शेंगोळी केल्यात, खाऊन जा."