शेजारच्या खोलीतलं एकमत

दोन देशांचा व्यापार करार हॉटेलच्या मोठ्या दालनात ठरत होता, आणि आमच्या मेहुण्याचा छत्र्यांचा कारखाना राहणार की जाणार, हे त्याच्या शेजारच्या खोलीत. तिथे उद्योजकांच्या संघटनेला बसवलं होतं. छत्रीवरचा आयातकर उठला की कारखान्याला कुलूप. माझा या धंद्याशी संबंध नाही. ‘दादा पटकन चिडतो, तुम्ही सोबत जा,’ असा बायकोचा हुकूम होता.

आपल्या देशातर्फे बोलणी करणारे अधिकारी दारातून डोकावले. “एक वस्तू करारातून वगळता येईल, तिच्यावरचा कर राहील. कोणती ते सांगा, पण एकमुखाने. मागच्या वेळी तुम्ही मला चार दिशांना ओढलंत.”

“छत्री!” दार लागायच्या आत मेहुणा म्हणाला.

“हरकत,” आयातदार म्हणाला. तो बाहेरून छत्र्या आणायचा, घड्याळं आणायचा, मिळेल ते आणायचा.

संघटनेचा नियम असा, की एकाने जरी हरकत घेतली तरी ती वस्तू बाद. या नियमामुळे संघटनेत आजवर भांडण झालेलं नव्हतं. निर्णयही झालेला नव्हता.

“मग साबण घेऊ,” साबणाचा कारखाना असलेले अध्यक्ष निःस्वार्थपणे म्हणाले.

“हरकत!” मेहुणा.

“अहो, साबणाने तुमचं काय घोडं मारलंय?”

“काही नाही. छत्री नाही, तर काहीच नाही.”

मी त्याला कोपराने ढोसलं. “अरे, त्यांना सांभाळून घे. उद्या तेच तुझ्या बाजूने बोलतील.”

“दाजी, तुम्ही बिस्किटं खा.”

मी खाल्ली. तेवढ्यात गाद्या गेल्या, कुंचले गेले, कुलपं गेली. अधिकारी पुन्हा डोकावून गेले. या वेळी त्यांनी नुसतं घड्याळ दाखवलं.

“घोड्याचे नाल मागा मग!” कुलूपवाले वैतागून म्हणाले.

नाल कुणी बनवत नव्हतं, कुणी आणत नव्हतं. अध्यक्षांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “हरकत? नाही? एकमत!” टाळ्या पडल्या. मेहुण्यानेही वाजवल्या.

“तू कशाला वाजवतोस?”

“त्या आयातदाराला तरी काही मिळालं नाही ना!”

अध्यक्षांनी निरोप आत धाडला आणि पलीकडच्या दालनातून टेबलावर मुठी आपटल्याचे आवाज येऊ लागले. आपला माणूस नालांसाठी जिवाच्या आकांताने भांडत होता. समोरच्यांना वाटलं, एवढा हट्ट धरतोय म्हणजे नालांत नक्कीच काहीतरी आहे. त्यांनी नाल सोडले, पण किंमत वसूल करून.

अधिकारी घामाघूम होऊन बाहेर आले. “अभिनंदन! उद्योगाचा शब्द खाली पडू दिला नाही. नालांना पूर्ण संरक्षण. बदल्यात फक्त छत्री द्यावी लागली. तिच्यावरचा कर हळूहळू जायचा होता, तो आता पहिल्याच दिवशी जाईल.”

“हरकत!” मेहुणा ओरडला. अध्यक्ष त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, “एकमताने झालंय हो. तुमचाही हात होता त्यात.”

जिन्यातच बायकोचा फोन आला. “दादाचं काम झालं का?”

“एका वाक्यात नाही सांगता येणार,” मी म्हणालो.

मेहुणा पायरीवर बसून कारखान्यातल्या मिस्त्रीशी बोलत होता. “आपलं काड्या वाकवायचं यंत्र किती जाड लोखंड घेतं रे? नाही, छत्रीसाठी नाही. घोड्यासाठी.” तो क्षणभर ऐकत राहिला आणि मग कपाळावर हात मारून ओरडला, “अरे, घोडा छत्री कशाला धरेल!”