भिंतीवरची फ्रेंच खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, पण माझ्यातून काहीही दिसत नाही. सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या एका फ्लॅटमध्ये मला भिंतीवर स्क्रूने आवळून टाकले आहे. पुढे सोफा, मागे सिमेंट.

माझा जन्म फ्रान्सच्या एका खेड्यातल्या मोठ्या घरातला. एका द्राक्षबागायतदाराने ते बांधले होते. दगडी भिंती इतक्या जाड, की माझ्या कोनाड्यात मुले पाय पसरून बसत. काळ्या दगडी कौलांचे छप्पर चांगले उतरते होते, त्यावरून बर्फ आपोआप घसरून जाई. कोपऱ्यातल्या गोल बुरुजात कबुतरे राहत. खोल्या एकीला लागून एक अशा रांगेत होत्या, की सगळी दारे उघडली तर स्वयंपाकघरातून थेट बाग दिसे. सुताराने ओक लाकडाच्या दोन झडपा घडवल्या आणि मी झाले. सकाळी मला उघडायचे, उन्हात लोटायचे, संध्याकाळी पुन्हा उघडायचे. एवढेच माझे काम, पण त्याचा काय तोरा होता मला!

पुढे युद्ध आले. सैनिकांनी थंडीत आतली दारे शेकोटीत जाळली. नंतर वारसांना छप्पर सांभाळणे जमेना. घर सुटे सुटे विकले गेले. फरशी एकीकडे, शेकोटीची कमान दुसरीकडे, आणि मी बोटीने इकडे, तुआस बंदराजवळच्या जुन्या सामानाच्या गोदामात.

तिथे रुचिर आणि संजीवनी हे पुण्याचे जोडपे आले. माझ्यावरून हात फिरवत संजीवनी म्हणाली, "किती सुंदर आहे रे!" मी विरघळलेच. वाटले, आता पुन्हा वारा लागेल. पण कारागिराने मला मिटलेलीच भिंतीवर बसवली आणि झडपा हलू नयेत म्हणून त्यांनाही स्क्रू मारले. पाहुणे माझ्यासमोर फोटो काढत, कौतुक करत. मला मात्र गुदमरायला होई. इथल्या दमट हवेने बिजागऱ्या गंजू लागल्या होत्या. अजून थोडे दिवस, की मी कायमची मिटणार, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला संजीवनी म्हणाली, "एसी बंद करा, दारं-खिडक्या सगळ्या उघडा. लक्ष्मी यायची वेळ झाली."

त्यांची छोटी जाई घरभर धावली. शेवटी सोफ्यावर चढून तिने मला ओढले.

"आई, this one stuck lah!"

"अगं, ती शोभेची आहे. मागे भिंत आहे."

"पण खिडकी आहे ना? You said all windows."

रुचिर हसला, स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि त्याने माझ्या झडपांचे स्क्रू काढले. "मुहूर्त टळेल," असे पुटपुटत संजीवनीनेच पणतीचे तेल माझ्या बिजागऱ्यांत सोडले. मी कुरकुरले, अडले, आणि उघडले! समोर पांढरी भिंत होती. जाईने तिच्यावर हात ठेवला.

"No outside," ती हळूच म्हणाली.

तिने माझ्या चौकटीत एक पणती ठेवली. भिंतीवर उजेड पडला, पण भिंत भिंतच राहिली.

ते स्क्रू कोणी पुन्हा लावले नाहीत. जाई रोज संध्याकाळी मला उघडते, जरा वेळ भिंतीकडे बघते आणि खेळायला जाते. मी तिची वाट पाहते. मित्रांनो, जुनी वस्तू घरात आणाल, तेव्हा ती आधी काय काम करत होती ते विचारा. मला नुसते पुसू नका. बाहेर काही नसले, तरी मला उघडा.