शेंदराखालचा नंबर

उत्रोलीच्या आनंदरावांना एक खोड होती. दुसऱ्याची चूक कानावर पडली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घोट गिळवत नसे. लग्नात भटजींनी मंगलाष्टकाची ओळ गाळली, तर हे मांडवातून ती म्हणून दाखवत. एसटीच्या कंडक्टरनं थांब्याचं नाव चुकवलं, तर तिकीट राहायचं बाजूला, आधी नाव सुधारायचं. अशा माणसानं आयुष्यात एकच थाप मारावी आणि तीही तालुकाभर, याला काय म्हणावं?

थाप होती त्यांच्या जीपची. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ती गाडी. "इंजिन लढाईतलंच. एक खिळाबी बदललेला न्हाई," हे आनंदरावांचं वाक्य पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पहिल्यांदा बोलले तेव्हा ते खरंही होतं. मग एका उन्हाळ्यात वरंधा घाटात गाडीतलं पाणी संपलं, तरी आनंदरावांनी ती दामटली आणि इंजिन जाम झालं ते कायमचं. महाडात एका लाकूड ठेकेदाराची मोडकी जीप पडून होती, तिचं इंजिन काढून हिच्यात बसवलं. ती जीप साधी, बाजारात विकतात तसली. लढाईचा वारासुद्धा तिला लागला नव्हता.

ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. त्या दसऱ्याला तेलात शेंदूर कालवला आणि इंजिनाचा नंबर असतो तिथं चांगला जाड थापला. पुढं दरसाल ठकुबाई भक्तिभावानं त्यावर नवा थर चढवत गेल्या. नवऱ्याचं पाप बायको स्वतःच्या हातानं झाकत होती आणि बिचारीला पत्ता नव्हता.

अशात त्यांच्या रतनला वेल्ह्याचं स्थळ आलं. मुलगा जगन घरचा शेतकरी, निर्व्यसनी. पोह्यांची बशी त्याच्या हातात देताना रतननं मान खाली घालायची, ती सोडून ती त्याच्याकडं बघून हसली. नसरापूरच्या बाजारात दोघांची नजरानजर आधीच झाली असणार, हे आनंदरावांनी ओळखलं. पोरीचा जीव बसलाय म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण मुलाचा बाप गेनबा बोलायला लागला.

गेनबा लढाईच्या काळात लष्करात होता. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "पोरगी पसंत हाय, पाव्हणं. पर म्या लष्करात जीपगाड्या दुरुस्त केल्यात. तुमच्या इंजिनाचं लई ऐकलंय, ते बगू द्या. जो इंजिनाबद्दल खोटं बोलंल, तो लेकीबद्दलबी बोलंल. अस्सल निगालं तर हितंच सुपारी फोडू. न्हाई तर रामराम."

दारामागं रतनच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

सगळे अंगणात आले. बॉनेट वर झालं. आत शेंदराचा हा एवढा गोळा बघून गेनबा चक्रावला. त्यानं खरवडायला नख लावलं, तोच ठकुबाई कडाडल्या, "हात लावू नगा! देवाचं कवच कुनी खरवडतं का? ते आपसूक गळावं लागतं."

आनंदरावांना त्या क्षणी बायको साक्षात देवीसारखी दिसली. गेनबालाही मागं फिरता येईना, वेल्ह्याची चार माणसं बघत होती. तो वाकला, इकडं डोकावला, तिकडं डोकावला आणि एका पत्र्याच्या चकतीवर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो घ्या नंबर! अक्षी लष्करी. इंजिन अस्सल हाय!"

झालं! ठकुबाई साखर आणायला आत पळाल्या. कुणीतरी सुपारी काढली, कुणी अडकित्ता. आनंदरावांना फक्त गप्प बसायचं होतं. जगात कुठल्याही बापाला एवढं सोपं काम मिळालं नसेल.

पण गेनबा शहाणपणा शिकवायला लागला. "बगा रं," तो सोबत्यांना म्हणाला, "इंजिनाचा नंबर नेमी ह्या चकतीवर असतो. ध्यानात ठिवा."

आनंदरावांनी दात आवळले. खोकले. आभाळाकडं बघितलं. जगननं मान डोलावून "हितं व्हय?" असं विचारलं, तेव्हा मात्र बांध फुटला.

"अवो, त्यो डायनामो हाय! डायनामोचा नंबर त्यो! इंजिनाचा हिकडं असतो, तेलाच्या फिल्टरामागं!" त्यांनी पाना उचलून शेंदरात घातलासुद्धा. "लष्करी इंजिन म्हंजे नंबराआधी एम आन् बी, दोन अक्षरं, आन् साध्या गाडीचं असलं तर..."

इथं त्यांना आपण काय करतोय ते समजलं. हात थांबला. शेंदूर मात्र थांबला नाही. इतक्या वर्षांचा थर सबंधच्या सबंध सुटून खाली पडला. साखर घेऊन आलेल्या ठकुबाईंनी दारातूनच हात जोडले, "कवच गळालं गं बाई!"

जगननं वाकून वाचलं. "एम न्हाई, मामा. नुसता जे हाय."

आनंदरावांनी पाना खाली ठेवला. "इंजिन बदललंय म्या," ते म्हणाले. "तालुक्याला खोटं सांगितलं. पर लेकीबद्दल एक शबूदबी खोटा न्हाई, पाव्हणं. पोरगी सोन्यासारकी हाय माजी."

गेनबानं पटका सावरला आणि तो निघाला. तेवढ्यात त्याची बायको पारूबाई, जी इतका वेळ ओसरीवर पदर तोंडाला लावून बसली होती, खो खो हसत सुटली. "कुटं निगाला? डायनामो आन् इंजिन वळखंना, आन् म्हनं जीपगाड्या दुरुस्त केल्या! लष्कराच्या भटारखान्यात डाळ शिजवत हुता, ते सांगा की!"

"डाळ न्हाई," गेनबा पडक्या आवाजात म्हणाला. "डाळीला दुसरा मानूस हुता. म्या रोट्या भाजायचो."

मग कुणालाच हसू आवरेना. गेनबा ओसरीवरच्या घोंगडीवर येऊन बसला आणि आनंदरावांकडं वळला. "सुपारी फुटायला आली हुती. गप ऱ्हायला असता तर कुनाला कळलं असतं?"

"गप बसवंना."

"मग तुमी लेकीबद्दल काय लपवनार, कपाळ!" गेनबानं अडकित्ता उचलला. "फोडा सुपारी."

लग्न उत्रोलीत झालं. पाठवणीला मुलीचा बाप दारात उभा राहून डोळे पुसतो, पण आनंदरावांना ती सोय नव्हती. जीप दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून लेकीला सासरी पोचवायला तेच गाडी चालवायला बसले. शेजारी गेनबा, मागं जगन आणि मुंडावळ्या बांधलेली रतन.

वेल्ह्याच्या वेशीत सगळा गाव जमला होता. गेनबा जीपमध्येच उभा राहिला आणि ओरडला, "लढाईतली गाडी हाय ही! इंजिन अस्सल, नंबर म्या सोता बगितलाय, डायनामोवर!"

आनंदरावांनी तोंड उघडलं. मागून रतनचा मेंदीचा हात त्यांच्या खांद्यावर आला आणि नुसता दाबला गेला. सकाळपासून अडवून धरलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांत उतरलं. त्यांनी उपरण्यानं ते पुसलं, तोंड मिटलं आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याची चूक तशीच राहू दिली.